सुटा होणारा हातपंप : 'इंडिया मार्क दोन' ते 'मार्क तीन' या रचनाप्रवासाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात 'हापसा' या नावाने ओळखले जाणारे साधन इतके परिचयाचे झाले आहे, की त्यालाही काही इतिहास असेल याची सहसा दखल घेतली जात नाही. धरणे, कालवे, पाटबंधारे यांचे इतिहास लिहिले गेले. दुष्काळाच्या सामाजिक व आर्थिक परिणामांची चर्चा झाली. मात्र ज्या यंत्राच्या दांड्यावर खेड्यातील स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांचे श्रम खर्ची पडले, त्या यंत्राची रचना कोणी, कोणत्या अडचणींतून आणि कोणत्या तडजोडी स्वीकारून केली, हा विषय अभियांत्रिकीच्या अहवालांतच राहिला. प्रस्तुत लेखात या रचनेचा विचार एका मर्यादित प्रश्नाभोवती केला आहे. तो प्रश्न असा : द्रव उपसणारा पंप साफसफाईसाठी व दुरुस्तीसाठी उघडावाच लागतो, तो कोणाला उघडता यावा?

हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु पंप उघडण्यासाठी मालमोटार, कप्पी आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे पथक लागणार असेल, तर पाण्यावरील गावाचा ताबा त्या पथकाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतो. दोन पान्हे आणि दोन माणसे पुरत असतील, तर तो गावातच राहू शकतो. नळाचा व्यास ३२ मिलिमीटर ठेवायचा की ६५ मिलिमीटर, या निर्णयात म्हणूनच सत्ता आणि अवलंबित्व यांचाही निर्णय दडलेला असतो. १९७० आणि १९८० या दोन दशकांत भारतात झालेले हातपंपाचे प्रयोग हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ओतीव लोखंडाचा पंप आणि त्याचे अपयश

दट्ट्या आणि झडप यांवर चालणारा पंप प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने असा पंप बनविल्याचे व्हिट्रुव्हियस नोंदवितो. जमिनीच्या वर दट्ट्या ठेवून पाणी ओढून घेणाऱ्या पंपाला मात्र निसर्गानेच मर्यादा घातली आहे. हवेच्या दाबाने पाण्याचा स्तंभ तत्त्वतः सुमारे १० मीटरपर्यंतच चढतो, हे टोरिचेलीच्या १६४४ मधील विवेचनानंतर स्पष्ट झाले; व्यवहारात ही मर्यादा ७ मीटरच्या आसपास पडते. पाणी त्याहून खोल असेल, तर दट्ट्या आणि झडपा यांचे नळकांडे पाण्याखाली उतरवावे लागते आणि वरचा दांडा व खालचा दट्ट्या लांब सळयांनी जोडावे लागतात. पंप उघडण्याचा प्रश्न गंभीर होतो तो याच ठिकाणी, कारण झिजणारा भाग आता हाताशी नसतो. तो ३० मीटर खाली, १५० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात असतो.

दख्खनच्या पठारावर पाणी बहुधा असेच खोल, बेसॉल्ट खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठलेले असते. हा खडक फोडून अरुंद व खोल विहीर घेणे हाताच्या श्रमांनी जवळजवळ अशक्य होते. १९६६-६७ च्या बिहार व उत्तर प्रदेशातील दुष्काळानंतर युनिसेफच्या साहाय्याने संपीडित हवेवर चालणारी वेधनयंत्रे भारतात आली आणि कठीण खडकात एक-दोन दिवसांत विंधण विहीर घेणे शक्य झाले. १९७२ च्या महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाने या कामाला वेग आणला. विहिरी घेण्याचा प्रश्न सुटला. त्यांच्यावर बसवायचे काय, हा प्रश्न मात्र कोणी गांभीर्याने विचारलेला नव्हता.

जे बसविले गेले ते ओतीव लोखंडाचे पंप होते. त्यांचे मूळ अमेरिका व युरोपातील शेतघरांच्या पंपांत होते. एका कुटुंबाने दिवसातून थोडा वेळ वापरावा अशा बेताने ती रचना झाली होती. भारतात तिच्यावर संपूर्ण वस्ती अवलंबून राहिली. १९७२-७३ पासूनच्या केंद्रीय ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात २५० लोकसंख्येमागे एक हातपंप आणि दरडोई दररोज ४० लिटर पाणी हे प्रमाण पुढे रूढ झाले. म्हणजे एका पंपाने दिवसाला १०,००० लिटर पाणी द्यावे अशी अपेक्षा होती. एका हापशाला सुमारे ०.४ लिटर पाणी येते असे धरले, तर दिवसाला २५,००० आणि वर्षाला ९० लाखांहून अधिक हापसे होतात. मिनिटाला ४० हापसे या गतीने हे काम रोज दहा तासांहून अधिक चालते. घरगुती पंपाच्या ओतीव कानांना आणि त्यांतील खिळ्यांना हे सोसणारे नव्हते. खिळ्यांची भोके मोठी होत, दांडा डगमगू लागे, सळई तिरकी ओढली जाऊन घासे आणि अखेरीस तुटे. १९७४ मध्ये युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे ७५ टक्के पंप बंद आढळले. कोट्यवधी रुपये खर्चून घेतलेल्या विहिरी गंजलेल्या लोखंडाखाली झाकून पडल्या होत्या.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे जुने पंप उघडण्यास अवघड नव्हते. त्यांचे वरचे भाग गावातील लोहारालाही सुटे करता येत आणि तो ते करीतही असे. पंप सहज सुटा होतो म्हणून तो चालू राहतोच, असे नाही. रोज सुटा करावा लागणारा पंप अखेर कोणीच सुटा करीत नाही. पुढील दशकात रचनाकारांचा कल बळकटपणाकडे इतका झुकला, त्याचे कारण या अनुभवात आहे.

जालना, सोलापूर, मद्रास

बळकट पंपाचा आरंभ महाराष्ट्रात झाला, ही बाब आपल्याकडील प्रादेशिक इतिहासलेखनात फारशी आलेली नाही. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना येथे स्कॉटिश मिशनच्या जलविकास कार्यात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओतीव लोखंडाऐवजी पोलादाचा पंप घडविण्यात आला. जुन्या पंपातील अनेक खिळे व सांधे काढून दांडा एकाच आसावर फिरविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. त्यानंतर सोलापूर येथील कार्यशाळेत ही कल्पना पुढे नेण्यात आली. तेथील पंपात दांड्याच्या आसाला बंदिस्त बॉल बेअरिंगे आली आणि दांडा व सळई यांच्यामध्ये साखळी आली. दांड्याचे टोक वर्तुळखंडाच्या आकाराचे केल्याने साखळी त्यावरून गुंडाळली जाई आणि सळई नेहमी सरळ उभी ओढली जाई. मोटारसायकल किंवा यंत्रमाग पाहिलेल्या कोणाही कारागिराला साखळीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तिरका ताण नाहीसा झाला आणि सळया तुटण्याचे एक मोठे कारण संपले.

धर्मादाय संस्थांच्या लहान कार्यशाळांत तयार झालेल्या या पंपांची संख्या मर्यादित होती आणि प्रत्येक कार्यशाळेचे माप निराळे होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास युनिसेफ, भारत सरकार, मद्रास येथील यांत्रिकी संशोधन संस्था 'मेराडो' आणि रिचर्डसन अँड क्रुडास (१९७२) लिमिटेड या सरकारी कंपनीचा मद्रास येथील कारखाना यांनी सोलापूर पंपाला आधार मानून एक प्रमाणित रचना सिद्ध केली. रिचर्डसन अँड क्रुडास ही मूळची मुंबईची, एकोणिसाव्या शतकातील कंपनी. म्हणजे या कथेत मुंबई मद्रासमार्गे येते. नमुना पंपांच्या चाचण्या १९७६-७७ मध्ये कोइमतूरजवळच्या खोल विहिरींवर घेण्यात आल्या. जास्त वापराच्या आणि खोल पाण्याच्या विहिरी त्यासाठी मुद्दाम निवडल्या गेल्या. या रचनेला 'इंडिया मार्क दोन' असे नाव मिळाले. १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने तिचे मानक, आयएस ९३०१, प्रसिद्ध केले.

रचनेच्या अटी साध्या आणि कठोर होत्या. भारतातील सामान्य कार्यशाळेत पंप तयार व्हावा. त्याची किंमत सुमारे २०० डॉलरच्या आत राहावी. आणि किमान वर्षभर तो मोठ्या दुरुस्तीविना चालावा. या रचनेवर एकस्व घेतले गेले नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. रेखाचित्रे खुली होती. त्यामुळे अनेक उत्पादक पुढे आले आणि त्यांच्याबरोबर निकृष्ट मालाचा धोकाही आला. त्यावर उपाय म्हणून युनिसेफने क्राउन एजंट्स या संस्थेकडून कारखान्यातच मालाची तपासणी करून घेण्याची पद्धत सुरू केली. खुली रचना आणि कडक तपासणी ही जोडी नसती, तर 'मार्क दोन' हे नाव शंभर प्रकारच्या नकली पंपांना लागले असते. सुटे भाग एकमेकांच्या जागी बसणे ही दुरुस्तीची पहिली अट होय, आणि ती पान्ह्याने नव्हे, मानकाने साधते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या पंपांची जगभरातील संख्या ५० लाखांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते.

बळकट, पण बंद

'मार्क दोन'च्या जमिनीवरील भागात तीन घटक आहेत : काँक्रीटच्या ओट्यात रोवलेला तीन पायांचा आधार, त्यावर पाण्याची टाकी आणि त्यावर दांडा, आस व साखळी सामावणारे शीर्ष. आधार विहिरीच्या केसिंग पाइपावरून खाली उतरतो आणि ओट्यात पक्का होतो. त्यामुळे ओट्यावर सांडलेले पाणी विहिरीत परत जात नाही. आरोग्याच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. जुन्या वरच्या दट्ट्याच्या पंपात पंप 'धरण्यासाठी' वरून पाणी ओतावे लागे, आणि ते पाणी बहुधा डबक्यातले असे. 'मार्क दोन'चे नळकांडे सदैव पाण्यात बुडालेले असल्याने ती गरजच उरली नाही. नारू रोगाच्या निर्मूलनाचा इतिहास पाहता पायऱ्यांच्या विहिरींऐवजी बंद हातपंपाचे पाणी मिळणे किती निर्णायक ठरले, हे लक्षात येते. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

शीर्षाचे पुढचे झाकण एका बोल्टवर उघडते. साखळीला वंगण देणे आणि सैल झालेले बोल्ट आवळणे ही कामे गावातील प्रशिक्षित काळजीवाहकाने करावीत, अशी योजना होती. त्याचा अधिकार तेथेच संपत असे.

खाली काय होते ते पाहू. नळकांडे ओतीव लोखंडाचे, आत पितळी अस्तर, आतला व्यास ६३.५ मिलिमीटर. त्यातून पाणी वर आणणारा नळ ३२ मिलिमीटर व्यासाचा, ३ मीटरचे तुकडे आट्यांनी जोडलेला, जस्त चढविलेल्या लोखंडाचा. दट्ट्यावर चामड्याचे वाटीसारखे वायसर असत. पाण्याबरोबर येणारी बारीक वाळू या वायसरांत रुते आणि पितळी अस्तरावर घासे. वायसर झिजले की हापसा हलका लागतो आणि पाणी कमी येते. तळझडपेत वाळूचा कण किंवा लोखंडाची खपली अडकली, तर पाण्याचा स्तंभ रात्रीतून खाली उतरतो आणि पहाटे पहिल्या बाईला कितीतरी वेळ कोरडेच हापसावे लागते. यातील बहुतेक दोष किरकोळ आहेत. वायसर बदलणे अथवा झडप धुऊन परत बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. मात्र त्यासाठी झडप हातात यावी लागते.

येथेच व्यासांचे गणित आड येते. ६३.५ मिलिमीटरचा दट्ट्या ३२ मिलिमीटरच्या नळातून वर येऊ शकत नाही. म्हणून वायसर बदलण्यासाठी शीर्ष, टाकी, सगळा नळ, सगळ्या सळया आणि नळकांडे बाहेर काढावे लागते. ३० मीटर खोलीवर नळाचे वजन सुमारे ९५ किलो, १२ मिलिमीटर सळयांचे सुमारे २७ किलो आणि नळात अडकलेले पाणी सुमारे ३० किलो. नळकांड्यासह हा भार दीडशे किलोच्या पुढे जातो. तो चिमट्यांनी पकडून, उचलून, दर ३ मीटरवर आटे सोडवून काढायचा असतो. हात निसटला, तर सगळा नळ विहिरीत जातो आणि विहीरच गमावली जाते. हे काम पाहिलेल्या कोणालाही त्यातील धास्ती समजेल. म्हणून वाहन, चिमटे, उचलण्याचे पान्हे आणि चार-पाच प्रशिक्षित माणसे यांचे फिरते पथक आवश्यक ठरले.

तमिळनाडूत १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या त्रिस्तरीय देखभाल व्यवस्थेचे मूळ यातच आहे. गावात काळजीवाहक, गटपातळीवर मेकॅनिक आणि जिल्हापातळीवर फिरते पथक अशी ती रचना होती. इतर राज्यांनीही कमीअधिक फरकाने ती स्वीकारली. काळजीवाहकाने छापील पोस्टकार्डावर बिघाड कळवावा, असे या व्यवस्थेत अपेक्षित होते. पोस्टकार्ड पोहोचणे, वाहनाला डिझेल असणे, सुटे भाग भांडारात असणे आणि पथकाने यादीतील आधीची गावे पूर्ण करणे, या साऱ्यानंतर गावाची पाळी येई. पंप क्वचितच बिघडे, परंतु बिघडला की बराच काळ बंद राही. वायसराच्या किमतीशी या विलंबाचा काहीच संबंध नव्हता. सार्वजनिक व्यवस्थेतील अनेक गोष्टींना लागू पडणारे हे निदान आहे, मात्र येथे त्याचे कारण नळाच्या व्यासात नेमकेपणाने दाखविता येते.

गावाच्या हाती पान्हा : 'मार्क तीन'

आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशकाचा (१९८१-१९९०) आरंभ होताना संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांनी हातपंपांच्या चाचण्यांचा जागतिक प्रकल्प हाती घेतला. इंग्लंडमधील प्रयोगशाळेत आणि अनेक देशांतील विहिरींवर पंप तपासले गेले. 'गावपातळीवर चालविणे व देखभाल' ही संकल्पना या प्रकल्पातून पुढे आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'व्हीएलओएम' या नावाने रूढ झाली. नंतर या आद्याक्षरांत आणखी एका 'एम'ची भर पडली आणि 'देखभाल'ऐवजी 'देखभालीचे व्यवस्थापन' असा अर्थ घेतला जाऊ लागला. ही भर निरुपद्रवी दिसते. पान्हा गावानेच हाती धरावा, या आग्रहापासून घेतलेली ती एक सावध माघार होती. दुरुस्ती कोणीही करो, तिला बोलावण्याचा व पैसे देण्याचा अधिकार गावाचा असावा, असा तिचा आशय.

भारतातील प्रयोग पुन्हा कोइमतूर परिसरातच झाले. १९८३ ते १९८८ या काळात तेथे प्रचलित 'मार्क दोन' आणि त्यात निरनिराळे बदल केलेले पंप यांची शेजारी शेजारी चाचणी घेण्यात आली. चामड्याच्या वायसराऐवजी नायट्राइल रबराचे वायसर अधिक टिकतात, हा त्यातील सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयुक्त निष्कर्ष होता. चामड्याचा दर्जा प्रत्येक तुकड्यागणिक बदलतो आणि कोरडे पडले की ते आकसते. रबराची वाटी साच्यातून निघते, तिचे माप ठरलेले असते. बिघाडांतील अंतर वाढविणारा हा बदल 'मार्क दोन'लाही तसाच लागू करता आला.

मूलभूत बदल मात्र वेगळा होता. नळाचा व्यास नळकांड्याहून किंचित मोठा, म्हणजे ६५ मिलिमीटर केला की दट्ट्या नळातूनच वर खेचता येतो. नळ, टाकी व आधार जागेवरच राहतात. तळझडप नळकांड्याच्या तळाशी शंकूच्या आकाराच्या बैठकीत बसते आणि रबरी कड्याने पाणी धरते. दट्ट्या तळापर्यंत उतरवून सळई फिरविली की तो तळझडपेच्या माथ्यावरील आट्यांत अडकतो आणि दोन्ही एकत्र वर येतात. झडप जागेवरून सुटताच नळातले पाणी विहिरीत उतरते, त्यामुळे त्याचाही भार राहत नाही. उचलायच्या उरतात त्या फक्त सळया. ३० मीटरसाठी पंचवीस-तीस किलो एवढेच ओझे. दोन माणसे, थोडे पान्हे आणि एखाद-दोन तास यांत झडप धुऊन व वायसर बदलून पंप पुन्हा चालू करता येतो. या रचनेला 'इंडिया मार्क तीन' असे नाव मिळाले आणि तिचे मानक, आयएस १३०५६, १९९१ मध्ये आले.

स्वच्छतेच्या दृष्टीने या रचनेचा एक लाभ फारसा सांगितला जात नाही. खोल पंप उघडणे म्हणजे स्वच्छ विहिरीत घाण जाण्याची संधी निर्माण करणे होय. 'मार्क दोन' उघडताना नळाचे दहा-बारा तुकडे जमिनीवर ठेवले जातात. ओट्याभोवती चिखल, शेण व जनावरांचा वावर असतो आणि तेच तुकडे पुन्हा विहिरीत उतरतात. दुरुस्तीनंतर विरंजक चूर्णाचे द्रावण विहिरीत सोडून पाणी निर्जंतुक करावे, असा दंडक आहे; घाईत परतणाऱ्या पथकाकडून तो नेहमीच पाळला जातो, असे मानण्याचे कारण नाही. 'मार्क तीन'मध्ये नळ विहिरीतच राहतो. बाहेर येणाऱ्या सळया एका फळीवर किंवा बाजेवर सहज ठेवता येतात. पंप जितका कमी उघडावा लागतो तितकी त्याची स्वच्छता सोपी होते, ही बाब दूध व औषधनिर्मितीच्या पंपांत सर्वमान्य आहे. गावच्या हापशालाही ती तितकीच लागू आहे.

मग सर्वत्र 'मार्क तीन' का बसला नाही?

याचे उत्तर काही अंशी पंपातच आहे. ६५ मिलिमीटरच्या नळाचे वजन दर मीटरला साडेसहा किलोच्या आसपास, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या नळाच्या दुप्पट. किंमतही त्याच प्रमाणात वाढते. जस्ताचा थर आम्लधर्मी पाण्यात लवकर जातो. मग नळाला भोके पडतात आणि पाणी तांबूस येते. नळच बदलण्याची वेळ आली की 'मार्क तीन'चा दोनशे किलोंचा नळ 'मार्क दोन'पेक्षाही अवघड ठरतो आणि पुन्हा तिपाई, चेनपुली व पथक यांना बोलवावे लागते. रचनेने अवघड काम वारंवार येणाऱ्या दुरुस्तीतून काढून क्वचित येणाऱ्या दुरुस्तीत ढकलले. ही अदलाबदल फायद्याचीच होती, परंतु ती फुकट नव्हती. पुढे ५० मिलिमीटर नळाचा हलका प्रकार आला. त्यात नळकांडेही लहान करावे लागले. प्रत्येक हापशाला येणारे पाणी घटले आणि रांग लांबली.

उरलेले उत्तर व्यवस्थेत शोधावे लागते. १९९१ पर्यंत लाखो 'मार्क दोन' बसलेले होते. भांडारे त्यांच्याच सुट्या भागांनी भरलेली होती, मेकॅनिकांचे हात त्यांनाच सरावलेले होते आणि अंदाजपत्रकांत त्यांचेच दर छापलेले होते. खरेदी करणारे खाते पहिल्या किमतीकडे पाहते. पुढील १५ वर्षांची दुरुस्ती दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जाते. अशा स्थितीत महाग नळाचा पंप निविदेत मागे पडणे अपरिहार्य होते. शिवाय फिरत्या पथकांच्या रूपाने नोकऱ्या, वाहने व खरेदीचे अधिकार निर्माण झाले होते. गावानेच झडप धुवायची, तर या साऱ्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न कोणत्याही शासकीय कागदावर लिहिला गेला नसला, तरी तो अस्तित्वात नव्हता असे म्हणता येणार नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि पाणीपुरवठा पंचायतींकडे सोपविण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. पण ओट्यावरचा पंप तोच राहिला.

तथापि केवळ रचनेवरून निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. 'मार्क दोन' गावाला उघडताच येत नाही, या गृहीतकाला राजस्थान व उत्तर प्रदेशातील अनुभवांनी तडा दिला. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथील संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्रिस्तरीय व्यवस्थेऐवजी गावातल्याच 'हातपंप मिस्त्री'चा एकस्तरीय पर्याय मांडला. दक्षिण राजस्थानात 'स्वच्छ' प्रकल्पाने आदिवासी स्त्रियांना हातपंप दुरुस्ती शिकविली. १९९० च्या दशकारंभी बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या माध्यमातून दलित व कोल आदिवासी स्त्रियांनी हेच काम हाती घेतले. या स्त्रियांनी उघडलेले पंप 'मार्क दोन'च होते. दीडशे किलोंचा नळ त्यांनी चिमट्यांनी धरून, तुकड्या-तुकड्याने बाहेर काढला. त्यांना मालमोटार लागली नाही. लागले ते प्रशिक्षण, अवजारांची पेटी आणि मिस्त्री म्हणून मिळालेली मान्यता. हातपंपावर सर्वाधिक काळ उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचा विचार आरंभीच्या काळजीवाहक योजनेत फारसा झाला नव्हता आणि निवडलेले काळजीवाहक बहुधा पुरुष होते. पंप बंद पडल्याने ज्याला मैलभर चालावे लागत नाही, त्याच्याकडे पोस्टकार्ड टाकण्याची जबाबदारी होती. 'बळकट पुरुषांचे काम' ही समजूत नळाच्या वजनातून आली की समाजातून, याचे उत्तर बांद्याने दिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आफ्रिकेतील वाट

याच काळात पूर्व आफ्रिकेत हा प्रश्न निराळ्या पद्धतीने हाताळला गेला. मलावी येथे आरंभ होऊन केनियातील क्वाले भागात आकाराला आलेल्या 'आफ्रिदेव' पंपात लोखंडी नळ पूर्णपणे वगळून प्लास्टिकचा, यूपीव्हीसीचा नळ घेतला. तो गंजत नाही आणि हलका असल्याने मोठ्या व्यासाचाही परवडतो. आसाला बॉल बेअरिंगऐवजी हाताने दाबून बसविता येणारे प्लास्टिकचे बुश आहेत. सळया आट्यांऐवजी आकड्यांनी जोडल्या जात असल्याने त्या सोडविण्यास अवजार लागत नाही. सर्व दुरुस्तीसाठी एक पान्हा आणि तळझडप वर काढण्याचा एक गळ, एवढेच साहित्य पुरते. बुश झिजतात, आणि ते झिजणार हे गृहीत धरूनच ते स्वस्त व सहज बदलता येण्याजोगे ठेवले आहेत. 'मार्क दोन'चा रचनाकार बेअरिंग वर्षानुवर्षे टिकावे म्हणून ते बंदिस्त करतो. ते निकामी झाले की बसविण्यास खास अवजार लागते. 'आफ्रिदेव'चा रचनाकार वर्षाला बदलता येईल असा तुकडा देतो. 'मार्क दोन'प्रमाणे हीही रचना एकस्वमुक्त ठेवली गेली. आफ्रिकेसाठी लागणारे हे पंप व त्यांचे सुटे भाग भारतीय कारखान्यांतही मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि येथून निर्यात झाले. भारतातील विंधण विहिरींवर मात्र त्यांचे प्रमाण अल्पच राहिले.

महाराष्ट्रात पुढील काळात हातपंपाची जागा काही गावांत विजेच्या पाणबुडी पंपाने आणि नळयोजनांनी घेतली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा भर घरोघरी नळजोडणीवर आहे. पाणबुडी पंप विंधण विहिरीतून काढण्यासाठी पुन्हा तिपाई, चेनपुली आणि शहरातील कारागीर लागतो आणि त्याची मोटार गावात उघडली जात नाही. वीज नसते तेव्हा, अथवा मोटार जळून तालुक्याच्या गावी गेलेली असते तेव्हा, जुन्या ओट्यावरील हापसा चालू असेल तर गाव तेथे जमते. पुष्कळ ठिकाणी तो बंद असतो. त्याच्या शीर्षाचे झाकण उघडे असते, साखळी गंजलेली असते आणि ३० मीटर खाली एक झिजलेला वायसर असतो.